विंचवाचे विष आणि पेशीचे कुलूप

विंचू चावला म्हणजे विष चढते, आणि चढलेले विष कोणीतरी उतरवावे लागते, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. ‘चढणे’ आणि ‘उतरणे’ हे शब्दच असे आहेत की, विष दंशाच्या जागेपासून पायरी-पायरीने वर जाते आणि हृदयाशी पोचले की माणूस दगावतो, असे चित्र मनासमोर उभे राहते. हे चित्र अगदीच खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत आपल्याकडील कष्टकरी माणसांनी, विशेषतः त्यांच्या लेकरांनी, फार वर्षे मोजली आहे. विंचवाचे विष माणसाला मारते ते बहुतांशी स्वतःच्या हाताने नव्हे. ते माणसाच्याच शरीरातील निरोप्यांना चिथावते, आणि ते निरोपे हृदयाला दमछाक होईपर्यंत राबवतात. हे निरोपे कोणत्या दारांवर थाप मारतात आणि ती दारे काही तास बंद कशी ठेवता येतील, हे कळले तेव्हा विंचूदंशाचे मरण टळू लागले.

ही दारे शोधून काढणे हा आजच्या औषधविज्ञानाचा गाभा आहे. आणि या विज्ञानाचा एक जगन्मान्य उपयोग आपल्याच महाराष्ट्रात, महाडसारख्या तालुक्याच्या गावी झाला. त्यामागचे तत्त्व सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही वैद्य नव्हे, की रसायनशास्त्राचे पदवीधरही नव्हे. कामगारांची संघटना बांधणे हे आमचे काम, आणि शिक्षण जेवढे झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु ज्यांच्यामध्ये आम्ही वावरतो त्यांना विंचू ही पुस्तकातली गोष्ट नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोरडवाहू तालुक्यांतून दर हंगामाला ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण लावावी ती याच लोकांना, आणि दैवदुर्विलास असा की, विंचू शिरतो तोही त्यांच्याच बिऱ्हाडात. पाचटाची कोपी, उघड्या जमिनीवर अंथरलेली गोधडी, पहाटेच्या अंधारात मोळी उचलणारे हात. वीटभट्टीवरची विटांची थप्पी, बांधाचे दगड, खाणीतली खडी, अकोल्याच्या डोंगरातील दगडमातीची घरे, ही सारी विंचवाची वस्तीस्थाने. दिवसा तो फटीत दडून राहतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. ज्याला पलंग आहे, विजेचा दिवा आहे आणि पायात जोडे आहेत, त्याची नि विंचवाची गाठ सहसा पडत नाही. विंचूदंश हा त्या अर्थाने गरिबांचाच अपघात आहे.

प्रथम विंचवाविषयी थोडे. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर. पण तिच्या दंशाने बहुधा जीव जात नाही. वेदना मात्र जीव नकोसा करणाऱ्या असतात. खरा घातक तो तुलनेने लहान, तांबूस रंगाचा आणि पुढचे चिमटे बारीक असलेला लाल विंचू. प्राणिशास्त्रज्ञ त्याला ‘होटेंटोटा टॅम्युलस’ म्हणतात. जुन्या ग्रंथांत ‘बुथस’ आणि ‘मेसोबुथस’ ही त्याचीच नावे आढळतात. आता मांत्रिकाचे यश कशात आहे ते ध्यानात येईल. दंश झालेल्यांपैकी पुष्कळांच्या अंगात विष थोडेच गेलेले असते, किंवा विंचूच सौम्य जातीचा असतो. अशा माणसाची वेदना काही तासांनी आपोआपच ओसरते, आणि ती ओसरताना जो समोर बसून मंत्र म्हणत असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होते. जो दगावतो त्याच्या बाबतीत ‘आणायला उशीर झाला’ असे म्हटले की भागते. दोन्हीकडून मांत्रिकाचा हिशेब बरोबर!

आता मुख्य विषयाकडे वळू. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ स्निग्ध आवरण असते. शरीराच्या एका भागातून दुसऱ्या भागाला हुकूम पोचवायचा तर रक्तातून किंवा मज्जातंतूंच्या टोकांतून काही रासायनिक पदार्थ सोडले जातात. हेच आमचे निरोपे. परंतु हा निरोप्या सहसा पेशीच्या आत पाऊल टाकीत नाही.

साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. मुख्य कचेरीतून निघालेला शिपाई स्वतः गव्हाणीत उतरत नाही, की बॉयलरपाशीही जात नाही. तो फाटकावरच्या खिडकीत चिठ्ठी देतो आणि परत फिरतो. खिडकीत बसलेला टाइमकीपर आतली घंटा वाजवतो. ती ऐकून फोरमन मुकादमांना सांगतो, मुकादम आपापल्या टोळीला सांगतात, आणि एका चिठ्ठीने शंभर हात हलू लागतात. पेशीच्या आवरणात बसवलेली अशी जी खिडकी, तिलाच शास्त्रज्ञ ‘रिसेप्टर’ म्हणतात. मराठीत तिला ‘ग्राही’ असे नाव आहे. ग्राही हा एक प्रथिनाचा लांब धागा असतो. निरोप्यांच्या ग्राहींचे जे सर्वांत मोठे घराणे आहे, त्यात हा धागा पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार ओवलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूस एक खाच असते, आणि त्या खाचेत विशिष्ट निरोप्याच बसतो, जशी एका कुलपाला एकच किल्ली लागते. किल्ली बसली की धाग्याचा आकार किंचित बदलतो. तो बदल आतल्या बाजूस जाणवतो आणि आतली घंटा वाजते. माणसाच्या शरीरात या घराण्यातील सुमारे ८०० प्रकारचे ग्राही आहेत.

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉन लँगली नावाचे शास्त्रज्ञ निकोटिन घेऊन प्रयोग करीत होते. निकोटिन म्हणजे तंबाखूतील विष. संगमनेर-नगरच्या बिडी कामगार बायांच्या बोटांवर जिचा पिवळा डाग पडतो, त्याच तंबाखूतले. कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन लावले की तो आखडतो, आणि क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतील बाणांना लावायचे विष आधी दिले की आखडत नाही, असे त्यांना दिसले. स्नायूकडे जाणारी मज्जा कापून ती मरू दिली तरीही हाच प्रकार! मग ही दोन विषे मज्जेवर नव्हे, तर स्नायूच्याच अंगी असलेल्या कोणत्या तरी ‘ग्रहण करणाऱ्या पदार्थावर’ भांडत असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी १९०५ साली मांडला. जर्मनीत पॉल एरलिख हेही त्याच सुमारास दुसऱ्या वाटेने याच विचारापाशी आले होते. पेशीला चिकटल्याशिवाय कोणतेही औषध काम करीत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु ग्राही कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि पुढे पुष्कळ वर्षे कित्येक विद्वान त्याला केवळ कल्पनेचा खेळ समजत राहिले.

१९४८ साली अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतातल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी एक मोठा पेच सोडवला. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट आले की त्या अ‍ॅड्रिनालीन नावाचा निरोप्या रक्तात सोडतात, आणि मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचाच भाऊ नॉरअ‍ॅड्रिनालीन बाहेर पडतो. वाघ समोर दिसला की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, ते यांच्यामुळे. पण पेच असा होता की, हेच निरोपे काही ठिकाणी स्नायू आखडवतात आणि काही ठिकाणी सैल करतात. एकच शिपाई एका खात्यात काम बंद करतो आणि दुसऱ्यात सुरू करतो, हे कसे? आल्क्विस्ट यांचे उत्तर असे की, शिपाई तोच असला तरी खिडक्या दोन प्रकारच्या आहेत. त्यांना त्यांनी ‘आल्फा’ आणि ‘बीटा’ ही नावे दिली. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मुख्यतः आल्फा ग्राही असतात. त्यावर थाप पडली की वाहिनी आवळली जाते. हृदयात बीटा ग्राही असतात. त्यावर थाप पडली की हृदय जोराने व भराभर धावते.

यातूनच औषधांचा नवा मार्ग निघाला. खिडकी माहीत झाली, तर तिथे बसेल पण घंटा वाजवणार नाही असा एखादा पदार्थ मुद्दाम तयार करता येईल. आमच्या भाषेत सांगायचे तर हे खुर्ची अडवून धरणे धरल्यासारखे आहे. सत्याग्रही खुर्चीवर बसतो, स्वतः काम करीत नाही, आणि दुसऱ्याला बसू देत नाही. जेम्स ब्लॅक यांनी बीटा ग्राहींवर असे धरणे धरणारे प्रोप्रॅनोलोल हे औषध शोधले. ते १९६० च्या दशकात वापरात आले, आणि १९८८ साली ब्लॅक नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. ग्राहीमागची आतली घंटा कशी वाजते हे उकलणाऱ्या सदरलँड यांना १९७१ साली, गिलमन व रॉडबेल यांना १९९४ साली, आणि ग्राहीचे प्रत्यक्ष रूप दाखवून देणाऱ्या लेफ्कोवित्झ व कोबिल्का यांना २०१२ साली नोबेल मिळाले. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एकतृतीयांश औषधे याच घराण्यातील ग्राहींवर काम करतात. रक्तदाबाची अटेनोलोल ही गोळी, दम्याच्या पंपातले सालब्युटामोल, आम्लपित्ताची फॅमोटिडीन, ही सारी त्यांतलीच. तेव्हा हा विषय प्रयोगशाळेत कोंडलेला नाही. तो या मंडपातील कित्येकांच्या खिशात आहे.

आता लाल विंचवाकडे परत येऊ. मज्जातंतूतून जो संदेश धावतो तो विजेच्या लाटेसारखा असतो. तंतूच्या आवरणातील सोडियमची दारे क्षणभर उघडतात आणि सुमारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात पुन्हा मिटतात. मिटतात म्हणूनच लाट पुढे जाते आणि थांबते. विंचवाच्या विषातील काही द्रव्ये ही दारे मिटूच देत नाहीत. कारखान्याचा भोंगा दोरी ओढली की वाजतो आणि सोडली की थांबतो. कोणी ती दोरी ओढून खांबाला बांधून ठेवावी, तसे हे होते. भोंगा वाजतच राहतो. मज्जातंतूंच्या टोकांतून आणि त्या टोपीसारख्या ग्रंथींतून निरोप्यांचा लोंढा रक्तात उतरतो. वाघ समोर नाही, पण शरीराला मात्र शंभर वाघ दिसू लागतात.

पुढचा प्रकार शेतकऱ्याला चटकन समजेल. विहिरीवरची मोटार पूर्ण वेगात चालू आहे आणि त्याच वेळी पाइपावर कोणी पाय देऊन उभा आहे, अशी कल्पना करा. बीटा ग्राही हृदयाला पळवीत आहेत, आणि आल्फा ग्राही रक्तवाहिन्या आवळून धरीत आहेत. प्रारंभी रक्तदाब भयंकर वाढतो. हातपाय बर्फासारखे गार पडतात, अंग घामाने चिंब होते, उलट्या होतात, पुरुषांत व मुलग्यांत इंद्रिय ताठरते. काही तासांत हृदय थकते. पुढे ढकलता न आलेले रक्त मागे तुंबते आणि त्यातील पाणी फुफ्फुसांत झिरपते. माणसाला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो, आणि तो कोरड्या जमिनीवर बुडून मरावा तसा मरतो. लहान मुलांच्या अंगात तेवढेच विष जास्त पसरते, म्हणून त्यांना धोका अधिक. विंचूदंशानंतर फुफ्फुसात असे पाणी होते, ही गोष्ट डॉ. मुंडले यांनी १९६१ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवली होती. रोग दिसला होता. त्याची किल्ली मात्र सापडली नव्हती.

ती सापडली ती रायगड जिल्ह्यात. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी माणुसकीचा लढा झाला, त्याच महाडच्या परिसरात विंचूदंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी पाहिले. त्या काळी अशा रुग्णांना जी जी औषधे देत, त्यांचा काही उपयोग होत नसे. तरुण डॉक्टरांनी रुग्णाजवळ रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम यांची तासातासाची नोंद ठेवली. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

या नोंदींतूनच पुढचा तर्क निघाला. रोग्याला मारते आहे ते आल्फा ग्राहींचे बेफाम चेतवले जाणे. मग आल्फा ग्राहींवर धरणे धरणारे औषध द्यावे, हे ओघाने आलेच. असे औषध बाजारात होते. प्राझोसिन नावाची गोळी १९७० च्या दशकापासून रक्तदाबावर वापरली जात होती. ती विंचवासाठी बनवलेली नव्हती. पण कुलूप तेच होते. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना दिली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचा अनुभव प्रसिद्ध केला. पूर्वी लाल विंचवाच्या गंभीर दंशाने शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. या गोळीनंतर ते प्रमाण एकाच्या आसपास आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली. परंतु त्याआधी कितीतरी वर्षे जगभरच्या डॉक्टरांनी त्यांची ही उपचारपद्धती मान्य केली होती.

गोळी नेमके काय करते ते पाहण्यासारखे आहे. वाहिनीच्या भिंतीतील स्नायूपेशीवर आल्फा ग्राहीची खाच असते. तेथे नॉरअ‍ॅड्रिनालीन बसले की आत घंटा वाजते, पेशीच्या कोठारातले कॅल्शियम मोकळे होते, आणि त्या कॅल्शियमच्या हुकमाने स्नायू आखडतो. प्राझोसिन त्या खाचेत जाऊन बसते. घंटा वाजत नाही, कॅल्शियम कोठारातच राहते, स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. पाइपावरचा पाय निघाला! हृदयावरचा भार उतरतो आणि फुफ्फुसांकडे तुंबणारे पाणी थांबते. मात्र हे धरणे कायमचे नसते. खुर्ची कोणाला मिळणार हे येथेही संख्याबळावर ठरते. निरोप्यांचा लोंढा चालू असेल तोवर गोळी ठराविक तासांनी पुन्हा द्यावी लागते. शिवाय वाहिन्या एकाएकी सैल पडल्याने रुग्ण उठून उभा राहिला तर चक्कर येऊन कोसळण्याचा संभव असतो. म्हणून त्याला आडवेच ठेवतात. मात्रा वजनावरून ठरते. हे काम डॉक्टरचे आहे. घरच्या घरी करण्याचे नव्हे.

येथे कोणी शंका काढील की, हृदय धावते आहे तर त्याला शांत करणारे बीटाचे औषध का देऊ नये? कारण मोटार मंद केली तरी पाइपावरचा पाय तसाच राहतो. थकलेल्या हृदयाचे बळ काढून घेतले जाते आणि आवळलेल्या वाहिन्या आवळलेल्याच राहतात. रोगी आणखी बिघडतो. घाम नि लाळ थांबवण्यासाठी अ‍ॅट्रोपिन दिले तर ते निराळ्याच कुलपावर बसते. घाम आटतो, पण आधीच धावणारे हृदय आणखी उधळते. यावरून ग्राहीशास्त्राचे महत्त्व ध्यानात यावे. औषध ‘जालीम’ असून भागत नाही. ते योग्य कुलपाचे असावे लागते.

मग विषावरचा उतारा, म्हणजे प्रतिविष लस, कशासाठी? लस रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. भोंग्याच्या दोरीशी झटणाऱ्या हाताला ती आवरते. परंतु जे निरोपे आधीच सुटले आहेत त्यांना लस माघारी बोलावू शकत नाही. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा असा विचार पुढे आला. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर याची चाचणी केली आणि २०११ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, आणि ३५ जणांना प्राझोसिनबरोबर लस. दहा तासांनी पाहता पहिल्या गटातले ८ पूर्ण लक्षणमुक्त झाले होते, तर दुसऱ्या गटातले ३२. म्हणजे लस मिळाली तर माणूस लवकर उभा राहतो. आणि ती नसेल तेथे गोळी सुरू करून वाट तरी काढता येते.

या कथेला एक चमत्कारिक उत्तरार्ध आहे. याच लाल विंचवाच्या विषातून शास्त्रज्ञांनी १९९० साली ‘आयबेरिओटॉक्सिन’ नावाचे एक द्रव्य वेगळे केले. पेशींच्या आवरणात पोटॅशियमची जी काही मोठी दारे असतात, त्यांपैकी एकाच प्रकारच्या दारात ते नेमके अडकते. रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल कसा पडतो, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळांना ते फार उपयोगी पडले. ज्या विषाने आमच्या माणसांचे जीव घेतले, तेच विष आता पेशीची दारे ओळखण्याचे हत्यार झाले आहे.

आता या साऱ्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, हे संशोधन कोणत्या बड्या औषध कंपनीच्या योजनेतून निघाले नाही. जुनी, स्वस्त गोळी आणि तिचा ग्राहक कोण, तर ऊसतोडणी करणारा, भट्टीवरचा, रानात राबणारा! अशा औषधाच्या नव्या उपयोगातून नफा मिळत नाही, म्हणून त्यासाठी भांडवल पुढे येत नाही. ग्राहीचे शास्त्र केंब्रिज नि अमेरिकेतून आले हे खरे. पण ते शास्त्र कोणाच्या दुःखाला लावायचे, हे ठरवायला बिरवाडीच्या दवाखान्यात जागणारा माणूस लागला. विज्ञान सर्वांचे असते असे आपण म्हणतो. ते सर्वांचे होते ते कोणीतरी ते खालपर्यंत वाहून आणल्यावर.

दुसरी गोष्ट, वेळ. निरोपे सुटले की घड्याळ चालू होते. मंत्र, दोरा, जडीबुटी, दंशाच्या जागी कापणे, आवळून बांधणे, यांत जे दोन-चार तास जातात, तेच गोळीचे तास असतात. वेदना किती आहे यावर धोका ठरत नाही. घाम, उलटी आणि गार हातपाय यांवर ठरतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायद्याने मांत्रिक हटवला तरी डॉक्टर आपोआप जवळ येत नाही. रात्री बारा वाजता फडावरच्या कोपीतून मूल दवाखान्यात न्यायचे तर वाहन मुकादमाचे, रस्ता दुसऱ्याच्या शेतातला, आणि उद्याची मजुरी बुडण्याची धास्ती आपली. माणसे मांत्रिकाकडे जातात ती केवळ अज्ञानाने नव्हे; तो जवळ असतो म्हणून जातात. हे ज्याला कळत नाही त्याने अडाणीपणावर व्याख्याने देऊ नयेत.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक हंगामाच्या आरंभी, जेथे टोळ्या उतरतात त्या गावच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे की नाही, हे टोळीच्या वतीने कोणीतरी जाऊन विचारावे. नसेल तर लेखी मागावे आणि पोच घ्यावी. लस कोणत्या रुग्णालयात आहे हे आधीच माहीत करून घ्यावे. टोळीतील निदान दोघांना ती तीन लक्षणे आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा पाठ असावा. रात्री दवाखान्यात गेलेल्या माणसाची दुसऱ्या दिवसाची मजुरी कापू नये, हे उचल घेतानाच मुकादमाशी बोलून ठेवावे. कोपीत अंथरूण घालण्यापूर्वी ते झटकावे, मोळीला हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे, लेकरांच्या पायात काही असावे.

पेशीच्या दारावरचे कुलूप शास्त्रज्ञांनी शोधले, आणि त्याची किल्ली एका ग्रामीण डॉक्टरने आपल्या हाती दिली. दवाखान्याच्या कपाटात ती गोळी ठेवून घेणे आणि कोपीतले मूल वेळेत त्या कपाटापर्यंत पोचवणे, हे मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत होणारे काम नाही. ते आपले आहे.